साठाचे त्र्याहत्तर

कुवेंपुनगर, म्हैसूर
रविवार, जेवणं झाल्यावर

ती. दाजी,

तुमच्या आणि आक्काच्या पायांवर त्र्यंबकने डोकं ठेवलं आहे असं समजावं. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहितात म्हणून लिहितो. खरी परिस्थिती पुढे येईलच. आक्काचे गुडघे कसे आहेत? तेल कोमट करून लावायला सांगितलं होतं, कडकडीत नव्हे (मागच्या वेळी तिने कडकडीत लावलं आणि दोष मला दिला). तुमची साखर तपासलीत का? तपासली असेल तर कुठल्या यंत्रावर, आणि त्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली होती, तेही विचारून घ्या. लोक आकडा बघतात, यंत्राकडे कोणी बघत नाही.

पत्र घरी न पाठवता तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतोय, याचं आश्चर्य वाटेल. फोनच करणार होतो. पण आक्का फोन स्पीकरवर टाकते, आणि मी एक वाक्य बोललो की तासाभरात त्याची तीन वाक्यं होऊन आमच्या सौ. जानकीच्या कानावर येतात. घरच्या ग्रुपवर लिहावं तर चैत्राली वाचते. पोरीला मराठी अडखळत वाचता येतं, पण हातचं अक्षर लागत नाही. म्हणून हा कागद. वाचून झाल्यावर कृपया याची कुणाला पुडी बांधून देऊ नका.

मी काय काम करतो ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही पाहुण्यांना 'त्र्यंबक कडकोळच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे' एवढंच सांगता, म्हणून पुन्हा लिहितो. कारखान्यात कामगार ज्या मापांनी वस्तू मोजतात, ती मापं बरोबर आहेत की नाही हे मी मोजतो. बरोबर असली तर हिरवा कागद चिकटवतो, त्यावर तारीख आणि माझी सही. चुकीची असली तर लाल. एकतीस वर्षांत, आधी कुपवाडला आणि मग इथे, मी कुणाच्या दबावाखाली लालचा हिरवा केलेला नाही. नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: कोणी कितीही शपथेवर सांगितलं तरी स्वतः तपासल्याशिवाय सही करू नका. हे आत्ता लिहिताना माझे कान गरम झालेत.

तीन वर्षांपूर्वी ती जुनी सात सीटांची गाडी घेतली, तेव्हा पहिल्या रविवारी मी तिचा वेगाचा काटाही तपासला होता. नंजनगूड रस्त्यावर काटा साठावर धरला आणि किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत घड्याळ लावलं. दहा दगड, दर दगडाला बरोबर साठ सेकंद. घरी येऊन डॅशबोर्डवर हिरवा कागद चिकटवला. जानकी म्हणाली, लोक इथे गणपती ठेवतात. (गणपतीही आहे. शेजारी.)

आता टायरचं. एच. डी. कोटे रस्त्याला आम्ही जो जमिनीचा तुकडा घेतलाय, त्याच्याकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता म्हणजे दगडांची मांडणी आहे. दर खेपेला गाडीचं पोट घासायचं आणि तो आवाज आला की मी उतरून खाली वाकून बघायचो. जानकी म्हणायची, तेवढं चालत जाऊ. पण टायरवाल्याने सांगितलं, 'एक साइज मोठी घाला सर, सगळे घालतात.' तासाभरात चारही टायर बदलली. गाडी चांगली दोन बोटं उंच झाली. जानकी साडी सावरत चढली आणि म्हणाली, आता पाट आणून ठेवा. मला मात्र उंच बसून फार बरं वाटत होतं. आठ दिवस वाटलं.

नवव्या दिवशी लक्षात आलं की कारखाना जवळ आलाय. घरापासून फाटकापर्यंत माझ्या मीटरवर तेरा किलोमीटर दोनशे मीटर होतात, तीन वर्षं रोज होतात. त्या दिवशी बारा झाले. वाटलं वाचण्यात चूक झाली. परत येताना बारा. दुसऱ्या दिवशी जाताना बारा. माणसाला कारखाना सव्वा किलोमीटर जवळ आल्याचा आनंद व्हायला हवा. मला घाम फुटला. संध्याकाळी पार्किंगमध्ये टायरवर खडूची खूण केली, फरशीवर केली, गाडी एक फेरा पुढे ढकलली आणि टेपने मोजलं: दोन मीटर तेवीस सेंटिमीटर. मग मागचं जादाचं चाक काढलं, ते जुन्याच मापाचं होतं, ते लोळवून मोजलं: दोन मीटर तीन. म्हणजे नवं चाक एका फेऱ्यात वीस सेंटिमीटर जास्त जातं, पण मीटर बिचारा फेरेच मोजतो, त्याला काय माहीत चाक मोठं झालंय. थोडक्यात, मीटर साठ दाखवत असताना गाडी सहासष्टने धावत होती.

दाजी, तुम्ही मिरज–सांगली ऐंशीने जाता, तुम्हाला सहा किलोमीटरचं काय वाटणार. पण मी गाडी शिकलो तेव्हापासून साठच्या वर गेलेलो नाही. त्या रात्री मी मागचे नऊ दिवस आठवून काढले. शाळेपुढून तीसने गेलो असं मी समजत होतो, ते तेहतीस होते. हिरव्या कागदावर माझी सही होती आणि ती खोटी होती. उठून कागद काढून टाकला. चैत्राली म्हणाली, "बाबा, फोनमध्ये स्पीड दिसते. तुम्ही सुम्मने वरी करता." (सुम्मने म्हणजे उगाच. ही पोरगी इथे वाढली, अर्धं मराठी कन्नडच बोलते.) मी म्हटलं, फोनला हिरवा कागद कोणी लावलाय? शिवाय गाडी चालवताना फोनकडे बघणारा मी नव्हे.

एरवी हे सगळं मी सावकाश, पद्धतशीरपणे निस्तरलं असतं. पण पुढच्याच रविवारी नरसिंहमूर्तींना टी. नरसीपूरला न्यायचं होतं.

नरसिंहमूर्ती म्हणजे वेंकटेशचे वडील, आणि वेंकटेश म्हणजे ज्याच्याबद्दल आक्काने तुम्हाला 'अजून कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलंय तो. चैत्रालीच्याच ऑफिसात आहे. मुलगा चांगला आहे, मोजून बोलतो. त्याची आई जयलक्ष्मी हसतमुख बाई. अडलं होतं ते नरसिंहमूर्तींपाशी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ताठ, अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ. मराठी माणसं, वेगळं घर, वेगळी भाषा, यावर त्यांनी ना हो म्हटलं होतं ना नाही. चार महिने. चैत्राली रोज हसत कामावर जायची आणि रोज थोडी वाळत चालली होती. मग त्यांनी निरोप धाडला की संगमावर दर्शनाला जाऊ, सगळे मिळून, तुमच्या गाडीतून.

वेंकटेशने मला आधी बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. अकरा वर्षांपूर्वी नंजनगूड रस्त्यावर त्यांच्या गाडीला अपघात झाला होता. गाडी नरसिंहमूर्ती स्वतः चालवत होते, ऐंशीने. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ होता. तो वाचला नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्टीअरिंगला हात लावलेला नाही, तो रस्ता पाहिलेला नाही, आणि ज्या गाडीचा काटा साठच्या वर जातो त्या गाडीतून ते उतरतात. खरोखर उतरतात, एकदा भाचीच्या लग्नाला जाताना मंड्याच्या अलीकडे उतरून बसने घरी आले. वेंकटेश म्हणाला, "अंकल, साठ. प्लीज." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, अरे, मी साठचाच माणूस आहे. आणि मग आठवलं की सध्या मी सहासष्टचा आहे.

शनिवारी दुपारी भुजंगरावांकडे गेलो. गाडीचं विजेचं काम करणारा हा म्हैसुरातला जुना मराठी माणूस, पाच पिढ्या इथे. त्यांच्या मराठीवर माझा फार जीव आहे, कारण तिच्यात कोल्हापूरच्या आधीचं काहीतरी आणि कन्नड एकत्र नांदतं. त्यांनी मला एक काडेपेटीएवढं खोकं दाखवलं. चाकाकडून मीटरकडे जाणाऱ्या तारेत ते बसवायचं, आतल्या बारीक कळा मागेपुढे केल्या की मीटर हवा तेवढा वाढतो किंवा उतरतो. त्यांनी विचारलं, "किती फरक आहे री?" मी म्हटलं, दहा टक्के. त्यांनी विचारलं, "जास्ती का कम्मी?"

दाजी, हे वाक्य नीट वाचा, कारण सगळी गोम इथे आहे. मी म्हटलं, "जास्त." माझ्या मनात होतं की गाडी जास्त धावते. त्यांनी समजून घेतलं की मीटर जास्त दाखवतो. ते म्हणाले, "हौदू, हो, मग कम्मी करतो," आणि मला वाटलं ते गाडीबद्दल बोलतायत. दोघेही समाधानाने मान हलवत होतो. त्यांनी दहा टक्के कमी दाखवणारा मीटर आणखी दहा टक्के उतरवला. जॅकवर चाक फिरवून दाखवलं, काटा छान वर गेला. "आयतु री, आता सुखाने जावा."

आणि मी तपासलं नाही. शनिवार होता, संध्याकाळ झाली होती, जानकीने फुलं आणायला सांगितली होती, ही सगळी कारणं मी स्वतःला देऊन पाहिलीत आणि स्वतःच लाल कागद लावलाय. भुजंगराव म्हणाले 'झालं' आणि मला ते खरं असायला हवं होतं, एवढंच. घरी आलो, नवा हिरवा कागद काढला, तारीख घातली, सही केली, चिकटवला.

रविवारी सकाळी साडेसातला निघालो. पुढे माझ्या शेजारी नरसिंहमूर्ती, मध्ये जयलक्ष्मीबाई आणि जानकी, मागे चैत्राली आणि वेंकटेश, दोघांच्या मध्ये फुलांची टोपली. नरसिंहमूर्तींनी बसल्या बसल्या दाराच्या वरचं हँडल धरलं, हिरव्या कागदाकडे पाहिलं, आणि कन्नडमध्ये विचारलं की हे काय आहे. मी मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं. (हा भाग आठवला की मी अजूनही एकटाच असलो तरी डोळे मिटून घेतो.) त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "निधान." म्हणजे सावकाश.

शहर संपलं आणि मी काटा साठावर नेला, तिथे खिळवला. हात स्टीअरिंगवर दहा वाजून दहा मिनिटांच्या जागी, प्रत्येक वळणाला हॉर्न, दोनशे मीटरवरचं कुत्रं दिसलं तरी ब्रेकवर पाय. मला तेव्हा काही गोष्टी जाणवायला हव्या होत्या. एरवी मला हॉर्न देत पुढे जाणाऱ्या सरकारी बसगाड्या त्या दिवशी मागेच राहिल्या. एका बसला तर मीच मागे टाकलं; आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं आज दिवस शुभ आहे. जानकीने मागून विचारलं, "आज जरा जोरात नाही का वाटत?" मी म्हटलं, टायर उंच आहेत, उंचावरून तसं वाटतं. ज्या रस्त्याला मी अर्धा तास धरला होता तो पाच मिनिटं आधीच संपला. नरसिंहमूर्ती सगळा वेळ समोर बघत होते, मधूनच काट्याकडे. माझ्या पाठीला शर्ट चिकटला होता.

दर्शन झालं. संगमाच्या पायऱ्यांवर बसलो असताना ते उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले की तुम्ही माणूस बरे आहात, मुलांचं पुढे नेऊ. एवढंच. जयलक्ष्मीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. चैत्राली पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिला कुणासमोर रडायला आवडत नाही. परत येताना नरसिंहमूर्ती चक्क झोपले. मी घरी येऊन आधी गाडीला हात जोडले, मग गणपतीला.

पाचव्या दिवशी फोनवर वाहतूक विभागाचा संदेश आला. तुमचं वाहन क्रमांक अमुक, रविवारी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, वेगमर्यादा साठ, प्रत्यक्ष वेग त्र्याहत्तर. खाली फोटो. दंड मी त्याच मिनिटाला भरून टाकला, त्याचं काही नाही. पण तो आकडा. मी कारखान्यातल्या गेज रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, खुर्चीवर बसलो. आधी वाटलं त्यांचं यंत्र चुकलं असेल, त्यांना पत्र लिहून यंत्राच्या तपासणीची तारीख मागवावी. कागदही घेतला. मग साठाला एक पॉइंट एकने एकदा गुणलं, सहासष्ट आले. पुन्हा गुणलं. बहात्तर पॉइंट सहा. पेन खाली ठेवलं.

भुजंगरावांकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हीच जास्ती म्हणालात की री." मग मी बोललेलं, त्यांनी ऐकलेलं, असं आम्ही दोघांनी दोनदा म्हणून पाहिलं, आणि दोघेही बराच वेळ त्या खोक्याकडे बघत बसलो. त्यांनी कळा उलट्या बाजूला केल्या. त्यांनी वाईट वाटून चहा पाजला. मी वाईट वाटून दोन कप प्यायलो. या वेळी मी कडकोळच्या रस्त्यावर दहा दगड तपासले, चैत्रालीला शेजारी बसवून घड्याळ तिच्या हातात देऊन. दर दगडाला साठ सेकंद. मीटर बरोबर झाला होता. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांना नका सांगू, बाबा." मी म्हटलं, ते मीटरकडे बघून हो म्हणालेत. ती म्हणाली, "हो तर म्हणाले ना." दाजी, मी एकतीस वर्षं मोठमोठ्या साहेबांना नाही म्हटलंय, पण हिला म्हणता येईना. चार दिवस तसेच गेले. जेवण जाईना. जानकीने विचारलं तर तिलाही सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही सांगणारच, मग रोज पोळी का टाकताय ताटात, आजच जाऊन या. चैत्रालीने माझ्याकडे पाहिलं नाही, पण गाडीची किल्ली तिनेच आणून टेबलावर ठेवली.

मी रिक्षाने गेलो. गाडी न्यायचा धीर झाला नाही. नरसिंहमूर्ती एकटेच व्हरांड्यात होते. मी कन्नडमध्ये तीन वाक्यं पाठ केली होती; त्यातलं पहिलं म्हणालो आणि बाकीची दोन गेली. म्हणून संदेशाचा कागद छापून नेला होता तो पुढे केला आणि उभाच राहिलो. त्यांनी चष्मा लावला. कागद खूप वेळ वाचला. (पुढचं ते कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत लिहितो.)

"त्र्याहत्तर लिहिलंय," ते म्हणाले. "वरुणा गावाच्या पुढे पंचाहत्तर होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"बसा," ते म्हणाले. "मी तीस वर्षं कालव्याच्या पाण्याचा वेग मोजला. पाण्यात लाकडाचा तुकडा सोडायचा, काठावरच्या दोन खुंट्या धरायच्या आणि घड्याळ बघायचं. सवय जात नाही. रस्त्यावर दगड असतात, हातात घड्याळ असतं. दुसऱ्या दगडाला एकोणपन्नास सेकंद झाले तेव्हाच मला कळलं."

"मग तुम्ही उतरला का नाहीत?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"उतरणार होतो," ते म्हणाले. "पुढच्या दगडाला सांगायचं ठरवलं. मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही साठ समजून इतके घाबरून चालवत होतात, की मला वाटलं याला खरं सांगितलं तर हा स्टीअरिंगच सोडून देईल. म्हणून आणखी एक दगड थांबलो. मग आणखी एक. सातव्या दगडाला माझ्या लक्षात आलं की हँडल मी केव्हाच सोडलंय. अकरा वर्षं मला वाटत होतं की साठच्या पुढे फक्त तो एकच दिवस आहे. पुढे नुसता रस्ता होता."

एवढं बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला वाटतं जयलक्ष्मीबाईंनीही नाही, कारण त्या दारात कॉफीचे पेले घेऊन तशाच उभ्या होत्या. मी विचारलं, आता मुलांचं काय. ते म्हणाले, मुलांचं काय, ठरलंय ते ठरलंय; ज्याचा मीटर खोटा आहे पण जो स्वतः रिक्षाने येऊन सांगतो त्याच्याशी सोयरीक करायला हरकत नाही. जयलक्ष्मीबाईंनी तो कागद मागून घेतला. फोटोत मी स्टीअरिंगवर ओणवा झालोय, भुवया कपाळात, आणि शेजारी नरसिंहमूर्ती खिडकीवर कोपर टेकून हसतायत. त्या म्हणाल्या, यांचा हसतानाचा फोटो अकरा वर्षांत नाही, हा राहू दे आमच्याकडे. मी म्हटलं, दंड भरल्याची पावतीही त्याच कागदावर आहे. त्या म्हणाल्या, परवागिल्ला, म्हणजे चालेल. तेव्हा तो आता त्यांच्या दिवाणखान्यात चौकटीत आहे, माझा गुन्हा, वेळ आणि वाहन क्रमांकासह.

साखरपुडा पुढच्या महिन्यात एकवीस तारखेला, नंजनगूडला, देवळाजवळच्या लहान सभागृहात. जागा नरसिंहमूर्तींनी स्वतः सुचवली. वेंकटेशने ऐकलं तेव्हा तो आत निघून गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. त्या रस्त्याने जायचं त्यांनी ठरवलंय, आणि माझ्याच गाडीतून. आमंत्रणपत्रिका वेगळी येईल, पण तुम्ही आणि आक्काने चार दिवस आधी यायचं आहे. आक्काला सांगा इथे थंडी नाही, स्वेटर तीन आणू नये.

चि. मंडळींना आशीर्वाद, तुम्हा दोघांना पुन्हा नमस्कार. चुकलंमाकलं पोटात घालावं, विशेषतः खाली जे येतंय ते.

आपला,
त्र्यंबक

ता. क. — टायरवाल्याने सांगितलं म्हणून टायर बदलली हे वर लिहिलंय ते खरं आहे. जानकीला मात्र मी त्या दिवशी गडबडीत सांगितलं की मोठी टायर घालायचा सल्ला दाजींचा. तुमच्या शब्दाला तिच्याकडे किंमत आहे म्हणून. ती त्यावर एवढंच म्हणाली की भेटल्यावर दाजींशी बोलेन. तर ती बोलली की कृपया हो म्हणा. कुठल्या मापाची असं विचारलं तर 'एक साइज मोठी' एवढंच म्हणा, पुढे जाऊ नका.

ता. क. २ — आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. नरसिंहमूर्ती मला निरोप देताना म्हणाले, एकवीसला त्या दिवशीसारखीच चालवा. मी हो म्हणून आलो. नंजनगूड रस्त्यावर पाटी ऐंशीची आहे, स्वतः बघून आलोय, त्यामुळे कायद्याचा प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की मीटर बरोबर झाल्यापासून मला जमत नाही. चार वेळा प्रयत्न केला. काटा साठावर आला की पाय आपोआप उचलला जातो. परवा बावन्नच्या वर गेलोच नाही, मागे रिक्षांची रांग लागली. जे मला न कळता जमत होतं ते कळल्यावर जमत नाही. तेव्हा तुम्ही चार दिवस आधी आलात की एका सकाळी फिरायला जातो म्हणून गाडी घेऊन भुजंगरावांकडे जा. बन्नीमंटपाला कुणालाही विचारा. त्यांना सांगा, कळा पुन्हा पहिल्या जागी, त्या रविवारी होत्या तिथे. 'जास्ती', 'कम्मी' हे शब्द वापरू नका. नुसतं 'पहिल्यासारखं' म्हणा. मला सांगू नका केलंत की नाही. कुठल्या दिवशी तेही नको. हिरवा कागद मी आधीच काढून ठेवीन, म्हणजे खोटी सही तरी होणार नाही.

ता. क. ३ — वरची ता. क. लिहून झाल्यावर दोनदा वाचली. हे मी लिहिलंय यावर माझाच विश्वास बसत नाही. तसं काही करू नका. माझ्या आयुष्यात मी असं कुणाला सांगितलेलं नाही. पण केलंतच, तर मी करू नका लिहिलं होतं हे ध्यानात असू द्या, आणि न केलंत तरी मला सांगू नका.

ता. क. ४ — (सोमवार, पोस्टात) तुम्ही निघायच्या आधी पोचायला हवं, तरी हे पत्र साध्या टपालानेच टाकतोय. पोस्टातल्या बाईने स्पीड पोस्टचं विचारलं, मी नको म्हटलं.